पंधरा किलो, बास!

आमच्या बाथरूमबाहेर सध्या एक वजनकाटा ठेवलाय. डाएटबिएटसाठी नाही हो. रोज सकाळी ऑफिसचा पहिला कॉल सुरू व्हायच्या आधी मी कुबड्या काखेत मारून त्याच्यासमोर उभा राहतो. डावा पाय जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर (उंची सारखी यावी म्हणून, शेवटी कामाला आली बिचारी), उजवा काट्यावर. मग उजव्या पायावर हळूहळू भार टाकायचा आणि काटा पंधरावर आला की थांबायचं. सोळा नाही, वीस तर नाहीच. पंधरा किलो, बास! पायाला तेवढा भार 'पाठ' झाला की दिवसभर चालताना तो आपोआप तेवढाच टाकेल, असं आमच्या फिजिओ मॅडम म्हणतात. मी रोज पाठांतर करतो. पाय रोज विसरतो.

झालं काय, तर पावसाळ्यात ग्रुपबरोबर राजगडला गेलो होतो. चढताना हिरोगिरी, उतरताना घसरगुंडी. गुडघा पिळला गेला, आत काहीतरी 'कट' झालं, आणि एकतिसाव्या वर्षी मी एमआरआयच्या बोगद्यात पडून छताकडे बघत होतो. रिपोर्ट असा : मांडीच्या हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत गादी असते, म्हणजे कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, तिचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा उडालाय.

मी डॉक्टरांना विचारलं, "भरून येईल ना?" हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरते, मग ही का नाही? डॉक्टर हसले. ही गोष्ट म्हणे विल्यम हंटर नावाच्या सर्जननं १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीला सांगून ठेवली होती की एकदा गेलेलं कार्टिलेज परत येत नाही. कारण साधं आहे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. रिपेअरचा माल घेऊन यायला रस्ताच नाही. पेशी आहेत, पण अगदी मोजक्या, एकूण आकारमानाच्या काही टक्के. बाकी सगळं पाणी आणि जाळं. म्हणजे अख्ख्या सोसायटीत चार बिऱ्हाडं आणि वॉचमनही नाही!

मग माझ्यासमोर जो पर्याय आला, त्याची सुरुवात स्वीडनची. तिथल्या गोथेनबर्गमध्ये मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि मंडळींनी पेशंटच्याच गुडघ्यातल्या कमी भार पडणाऱ्या जागेवरून कार्टिलेजचा कण काढला, लॅबमध्ये त्यातल्या पेशी वाढवल्या आणि खड्ड्यात परत नेऊन ठेवल्या. २३ पेशंटचे रिझल्ट त्यांनी १९९४ मध्ये छापले. तेव्हापासून ही पद्धत बरीच सुधारत आलीय. माझंही तसंच झालं. दोन ऑपरेशन्स, मधे काही आठवडे माझ्या पेशी माझ्याशिवाय कुठेतरी मजेत वाढत होत्या.

आणि मग डिस्चार्जच्या दिवशी हा वजनकाटा गळ्यात पडला. मला वाटलं होतं, पंधरा किलोची अट म्हणजे 'काळजी घ्या' छाप सल्ला. टाके उसवू नयेत म्हणून. मग आपण त्याच्याही पुढचे शहाणे! पहिल्या आठवड्यात मी पाय हलवलाच नाही. उशी, लॅपटॉप, वेब सीरिज. मला वाटलं, शून्य भार म्हणजे शंभर टक्के सेफ.

फिजिओ मॅडम आल्या आणि जाम भडकल्या. "अहो, तुमचा गुडघा म्हणजे काय फ्रीज आहे का, ठेवलं की टिकलं? आत टिश्यू वाढायचाय. तो भाराशिवाय वाढत नाही." एवढं बोलून त्यांनी माझा पाय वाकवला. पुढची दहा मिनिटं मी काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही.

पण ते वाक्य डोक्यात राहिलं. भाराशिवाय वाढत नाही? मग भारानं बिघडत का नाही? आणि पंधराच का? अशा वेळी माणसाला एक इंजिनिअर मित्र लागतो. पुण्यात तो दर दुसऱ्या फ्लॅटमध्ये सापडतो.

माझ्या मित्राला आम्ही 'मेश्या' म्हणतो. तो हिंजवडीत क्रॅश सिम्युलेशन करतो. म्हणजे गाडी भिंतीवर आपटली तर कुठला पत्रा कसा चुरगळेल, हे गाडी न आपटता कॉम्प्युटरवर बघायचं. त्यासाठी अख्ख्या गाडीवर बारीक बारीक चौकोनांची जाळी, म्हणजे मेश, टाकायची आणि प्रत्येक चौकोनाचं गणित वेगळं सोडवून एकमेकांना जोडायचं. या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं आणि तिच्या जिवावर आज आपल्या पुण्यातल्या कित्येक पोरांचे होमलोनचे हप्ते चाललेत. मेश्या दिवसभर जाळ्या विणतो, म्हणून मेश्या.

मी त्याला म्हटलं, "तू बंपरचं करतोस, तसं माझ्या गुडघ्याचं कर की."

तो म्हणाला, "लोखंड शहाणं असतं रे. दाबलं की किती दबणार ते आधीच सांगतं. तुझं कार्टिलेज म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी आहेत. जाळं पण आणि पाणी पण."

हा फंडा क्लिअर व्हायला मला आईचं किचन उपयोगी पडलं. मोड आणायला मटकी फडक्यात घट्ट बांधतात ना, ती फुगते आणि फडकं ताणून बसतं. पुरचुंडी टणक लागते. कार्टिलेज तसंच. आतल्या साखरेच्या लांब साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्या पाणी ओढून घेतात. बाहेरून कोलॅजनचं जाळं त्यांना फुगू देत नाही. आता दुसरं उदाहरण, श्रीखंडाच्या चक्क्याचं. टांगलेल्या फडक्यावर हळूहळू वजन ठेवलं तर पाणी निथळतं आणि गोळा बसतो. पण त्याच फडक्यावर एकदम थाप मारा. टणक लागतं, कारण पाण्याला पळायला वेळच मिळत नाही. उडी मारताना गुडघ्यात नेमकं हेच होतं. पहिल्या क्षणाचा ९० टक्क्यांहून जास्त भार आतलं कोंडलेलं पाणी उचलतं, जाळ्याला फारसं कळतही नाही.

या दोघांचं, जाळ्याचं आणि पाण्याचं, एकत्र गणित अमेरिकेत व्हॅन माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलं. आजही कार्टिलेजचं जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटर मॉडेल त्याच पायावर उभं आहे.

आता मूळ मुद्दा. लॅबमध्ये कार्टिलेज वाढवणाऱ्यांना सुरुवातीला मोठा धक्का बसला तो याच गोष्टीचा. पेशींना खायला दिलं, ऊब दिली, मऊ गादी दिली, तरी जे तयार होतं ते दिसतं कार्टिलेजसारखं आणि हाताला लागतं लिबलिबीत. सगळ्यात भारी किस्सा अंतराळातला आहे. एमआयटीच्या लिसा फ्रीड, गोर्डाना वुन्याक-नोवाकोविच आणि सहकाऱ्यांनी तीन महिने पृथ्वीवर वाढवलेले कार्टिलेजचे तुकडे चार महिन्यांसाठी मीर स्पेस स्टेशनवर पाठवले. तसेच काही तुकडे खाली पृथ्वीवर ठेवले. १९९७ मध्ये रिझल्ट छापून आला. पेशी दोन्हीकडे जिवंत, पण मीरवरचे तुकडे जास्त गोल गोल, लहान आणि ताकदीला कमी निघाले. खालच्यांनी आपला चकतीचा आकारही टिकवला आणि जोरही. वजनच नाही, तर पेशींनी तरी भिंती कोणासाठी बांधायच्या?

हे वाचलं आणि माझी उशी, लॅपटॉप आणि वेब सीरिज आठवली. मी बेडवरच मीर स्टेशन उघडलं होतं.

मग न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत रॉबर्ट मॉक, क्लार्क हंग, जेरार्ड अटेशियन या टीमनं उलटा प्रयोग केला. वासराच्या कार्टिलेजच्या पेशी त्यांनी अॅगरोजच्या जेलीत बसवल्या. अॅगरोज म्हणजे आपल्या चायनाग्रासमधलाच घटक, त्यामुळे ही जेली अगदीच परकी समजू नका. त्या चकत्या मशीननं दाबायच्या : उंचीच्या १० टक्के, सेकंदाला एकदा, म्हणजे साधारण चालण्याच्या लयीत. एक तास दाबायचं, एक तास आराम. असं दिवसातून तीनदा. आणि आठवड्यातून पाच दिवस! शनिवार-रविवार सुट्टी! (आमच्या एचआरला हे कात्रण पाठवणार आहे.) चार आठवड्यांनी दाबलेल्या चकत्यांचा कडकपणा नुसत्याच ठेवलेल्यांच्या सहापटींहून जास्त भरला. आकड्यात साधारण १५ किलोपास्कल विरुद्ध १००. खऱ्या कार्टिलेजच्या मानानं हे अजून खूपच कमी होतं, पण दिशा सापडली. साल २०००.

तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, दाबत सुटा. तर नाही. सतत दाबून ठेवलं तर पेशी काम कमी करतात, हे त्याच्याही आधी बऱ्याच प्रयोगांत दिसलं होतं. सतत दाब वाईट, लयीतला दाब चांगला, दाबच नसणं वाईट. (आमच्या टीम लीडलाही एक कॉपी.) प्रश्न उरतो तो असा : किती, कुठे आणि कुणाला? कारण मशीन दाबतं चकतीला. बांधकाम करते ती पेशी. आणि पेशी एक-दोन शतांश मिलिमीटरची. तिच्या बुडाखाली वजनकाटा ठेवायचा कसा?

इथं कॉम्प्युटर लागतो.

मेश्यानं मला खरंच करून दाखवलं. फेबायो नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. युटा युनिव्हर्सिटीतल्या जेफ वाइस यांच्या ग्रुपनं कोलंबियाच्या अटेशियन यांच्या साथीनं बनवलेलं, खास शरीरातल्या अशा ओल्या-मऊ गोष्टींसाठी. रिसर्चसाठी फुकट. हे ऐकून मेश्या हळवाच झाला, कारण त्याच्या कंपनीत लायसन्ससाठी लाइन लागते. शनिवारी रात्री माझ्या बेडच्या कडेला बसून, पिझ्झा खात, त्यानं स्क्रीनवर एक चकती काढली. जाळी टाकली. लवचिकपणा इतका, पाणी झिरपण्याचा वेग इतका, सेकंदाला एकदा दाब. एंटर.

थोड्या वेळानं चकती रंगली. मधोमध लाल, कडेला निळी. "मधे प्रेशर," मेश्या म्हणाला. "पाण्याला बाहेर पडायला लांब जायचंय, म्हणून ते अडकलंय. आता हे बघ." त्यानं दुसरं बटण दाबलं. आता बरोबर उलटं. कडेला लाल, मधे निळं. "हा पाण्याचा प्रवाह. सगळी ये-जा कडेला."

म्हणजे एकाच चकतीत, एकाच दाबाखाली, मधल्या पेशी प्रेशर कुकरमध्ये आणि कडेच्या पेशी नदीकाठी! बाहेरून बघणाऱ्याला मात्र फक्त 'दहा टक्के दाबलं' एवढंच दिसतं. आणि हे नुसतं स्क्रीनवरचं रंगकाम नाही बरं का. एमआयटीत ॲलन ग्रोडझिन्स्की यांच्या ग्रुपनं १९९५ मध्ये खऱ्या कार्टिलेजच्या चकत्या लयीत दाबून, मग आतला आणि बाहेरचा भाग वेगळा कापून तपासला. जास्त काम कडेच्या कड्यात चाललेलं, जिथं गणित सांगतं की पाणी वाहतंय.

मी खूश. "म्हणजे प्रवाह पाहिजे!"

"थांब," मेश्या म्हणाला. क्रॅशवाल्यांना सवय असते. गाडी का चुरगळली याची पहिली थिअरी नेहमी चुकीची असते. "कडेला पाण्याबरोबर अजून काय येतं?"

जेवण. ग्लुकोज. कडेच्या पेशींना आधी वाढलं जातं, मधल्यांपर्यंत पातेलं पोचेपर्यंत तळ लागलेला असतो. पंगतीचा जुना नियम. कोलंबियाच्याच टीमनं पुढे दाखवलं की वाढवलेल्या चकत्या कडेला टणक आणि मधे मऊ होत जातात. मग श्रेय ताकदीला द्यायचं की जेवणाला? प्रयोगात दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात, सोडवता येत नाहीत. मॉडेलमध्ये येतात. एक बंद करा, दुसरी चालू ठेवा, पुन्हा एंटर. ग्लुकोज कुठवर पोचतं याचं असं गणित मांडून पुढे त्यांनी तुकड्यांत बारीक बोगदे ठेवले, म्हणजे मोठ्या तुकड्याच्याही पोटात जेवण पोचेल. मला विचाराल तर कॉम्प्युटरचा खरा उपयोग हाच आहे. तो उत्तर देतो म्हणून नव्हे, तर जे दोन संशयित नेहमी एकत्र फिरतात त्यांची वेगवेगळ्या खोलीत चौकशी करता येते म्हणून.

मग आणखी खाली उतरा, पेशीच्या घरात. फार्शीद गिलाक आणि व्हॅन माऊ यांनी २००० मध्ये दोन पायऱ्यांचं मॉडेल केलं. आधी अख्ख्या टिश्यूचं गणित, मग त्यातून आलेला ताण एकट्या पेशीच्या भोवताली लावायचा. पेशी आजूबाजूच्या जाळ्यापेक्षा शेकडो पटींनी मऊ असते. सिमेंटच्या भिंतीत अडकलेला फुगा म्हणा. शिवाय तिच्याभोवती तिचं स्वतःचं एक पातळ कवच असतं. त्यामुळे बाहेरचे दहा टक्के आत पोचताना दहाच राहतील याची गॅरंटी नाही. कवच कसं आहे त्यावर कधी वाढतील, कधी कमी होतील.

आणि खरी गोची पुढे आहे. हे कवच पेशी स्वतःच बांधते. जेलीत बसवल्या बसवल्या ती जेलीबरोबर चपटी होते. काही दिवसांनी भोवती भिंत उभी राहिली की तोच दाब तिला कमी जाणवतो. म्हणजे पहिल्या दिवशी केलेलं मॉडेल अठ्ठाविसाव्या दिवशी शिळं. बंपर चालता चालता स्वतःला जाड करत नाही. म्हणून मेश्याचं काम सोपं. इथं प्रत्येक एंटरनंतर वस्तूच बदललेली असते. त्यात पेशीला जाणवलेल्या ताणाचं ती नेमकं काय करेल, हा नियम अजून कुणाला पूर्ण लिहिता आलेला नाही. ताणाचा नकाशा काढता येतो, पेशीच्या मनातलं नाही. अमेरिकेत लॅबमध्ये प्रेशर देऊन पिकवलेला एक तुकडा थेट तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचला होता, तोही २०१८ मध्ये मुख्य निकषावर अडकला. गणित बरोबर असूनही पेपर राहू शकतो, मंडळी.

हे सगळं ऐकून मी मेश्याला तो प्रश्न विचारला, जो खरं तर मला पहिल्या दिवसापासून विचारायचा होता. माझा तुकडा तर लॅबमध्ये तयार झालाच नाही. तिथं फक्त पेशी वाढल्या. टिश्यू आता बनतोय, इथं, या पँटच्या आत. मग ते दाबणारं मशीन कुठाय?

मेश्यानं काही न बोलता बाथरूमबाहेरच्या वजनकाट्याकडे बोट दाखवलं.

तर हे असं आहे. माझा गुडघा म्हणजेच भांडं, मीच जेली, आणि रोजचे पंधरा किलो म्हणजे माझा प्रोग्रॅम. त्यातही मेख आहे. काट्यावर पंधरा म्हणजे सांध्यात पंधरा नव्हे, कारण सांधा धरून ठेवणारे स्नायूही आतून ओढत असतात. बर्लिनला शारिटे हॉस्पिटलच्या संशोधकांनी चक्क सेन्सर बसवलेले कृत्रिम गुडघे काही पेशंटना बसवले आणि आतला भार वायरलेसनं मोजला. सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट. जिना उतरताना जवळपास साडेतीनपट. माझं वजन ७२ किलो, तर पायरी उतरताना गुडघ्यावर अडीचशे किलो. राजगड उतरताना काय झालं असेल ते आता कळलं.

आणि हे आकडे वाचल्यावर गेल्या मंगळवारचीही उजळणी झाली. डिलिव्हरीवाल्यानं बेल मारली, मी कॉलवर होतो, तंद्रीत उठलो आणि कुबड्या न घेता दारापर्यंत चार पावलं गेलो. चार! दार उघडलं, पार्सल घेतलं आणि तेव्हा लक्षात आलं. मी तसाच भिंतीला टेकून उभा. दुखत नव्हतं. पण कार्टिलेजमध्ये नसाच नाहीत, दुखणार कसं? ते न दुखणंच जास्त भीतीचं. आईला सांगितलं नाही. मॅडमना सांगितलं. त्या दोन सेकंद गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "सूज आली का बघा. आणि परत नको."

रात्री मेश्याला फोन केला. "चार पावलं, पूर्ण वजन. तुझ्या मॉडेलमध्ये टाक ना. काय झालं असेल आत?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला, हे मला जाणवलं. मग म्हणाला, "तुझ्या खड्ड्याचा नेमका आकार मला माहीत नाही. आत जे वाढलंय ते आज किती टणक आहे हे तुझ्या डॉक्टरांनाही माहीत नाही. मी तुला छान लाल-निळं चित्र काढून देईन, पण ते तुझ्या गुडघ्याचं नसेल. कुणाच्या तरी सरासरी गुडघ्याचं असेल."

"मग?"

"मग काय, मॅडम सांगतील ते कर."

सूज आली नाही. काल मॅडम येऊन गेल्या, पाय वाकवून बघितला, यावेळी मी सभ्य भाषेत ओरडलो. जाताना त्यांनी माझ्या चार्टवर पंधरा खोडून पंचवीस लिहिलं. एमआरआय अजून काही महिन्यांनी.

आज सकाळी डिरेक्टरीवर डावा पाय ठेवला, काट्यावर उजवा. पंधराला सवयीनं थांबलो. मग सोळा. सतरा. वीसपर्यंत गेलो आणि तेवढ्यात ऑफिसचा कॉल वाजला. वाजू दिला.